‘ह’ची फाईल

श्रीरंगच्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास फसायचा. मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर दहा बाय आठचा गाळा, वर रंग उडालेली पाटी, आत एक लाकडी टेबल आणि टेबलामागं कानाला काहीतरी लावून डोळे मिटून बसलेला चाळिशीचा माणूस. लोकांना वाटायचं, फोनवर बोलतोय. दोन मिनिटं थांबून ते खाकरायचे. श्रीरंग डोळे न उघडता हात वर करून ‘श्श’ करायचा, कारण त्याच्या कानाला फोन नसून कुणाच्या तरी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क असायची.

डिस्क बोलते, असं त्याचं म्हणणं. निरोगी डिस्क मांजरासारखी गुरगुरते, आजारी डिस्क दात खाते, आणि टक् टक् असे ठोके द्यायला लागली की समजावं, आता नातेवाइकांना बोलावून घ्या. आत एक चकचकीत तबकडी असते, तबकडीवर कोट्यवधी बारीक रकाने, आणि त्या रकान्यांत माणसाची अक्षरं, फोटो, सगळा संसार. तिच्यावरून, न टेकता, एक वाचणारं डोकं फिरत असतं. रकाना खराब झाला की ते डोकं तिथं अडखळतं. अशा वेळी लोक घाबरून दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालू करतात आणि तो प्रोग्रॅम मरणाऱ्या डिस्कला त्याच खराब रकान्यावर पुन्हा पुन्हा डोकं आपटायला लावतो. श्रीरंगचा नियम होता, आधी नक्कल, मग अक्कल. जेवढं वाचता येतंय तेवढं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि तुमची काय हुशारी असेल ती त्या नकलेवर चालवायची. अठरा वर्षांत त्यानं हा नियम फक्त एकदा मोडला, आणि त्या एकदाचीच ही गोष्ट आहे.

दोन हजार तेराचा उन्हाळा होता. औरंगाबादेत नळाला पाणी कधी तिसऱ्या दिवशी यायचं, कधी चौथ्या. वीज तर पाहुण्यासारखी, आली म्हणेपर्यंत निघालेली. एकीकडं बीड बायपासला नव्या इमारती भराभर उठत होत्या आणि दुसरीकडं त्याच इमारतींपुढं रिकाम्या बादल्यांची रांग लागत होती. दुष्काळात धंदा चालतो तो तिघांचा: टँकरवाल्याचा, बोअरवाल्याचा आणि डिस्कवाल्याचा. वीज गेली-आली, गेली-आली की चालू डिस्कला झटका बसतो, वर उन्हाचा कहर आणि धूळ. त्या वर्षी शहरातल्या डिस्का पटापट माना टाकत होत्या. श्रीरंगची चांदी व्हायला हवी होती. पण गिऱ्हाईक त्याच्या गाळ्यावरून पुढं जाऊन थेट गारखेड्याची रिक्षा पकडत होतं.

कारण गारखेड्यात सुदर्शन होता.

सुदर्शन मूळचा पिशोरचा, घरी कपाशी. दहा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात शेतात काही उगवेना म्हणून घरच्यांनी त्याला शहरात धाडला. तेव्हा श्रीरंग सकाळच्या वेळी हार्डवेअरचा क्लास घ्यायचा. पहिल्या दिवशी सुदर्शननं मॉनिटरलाच कॉम्प्युटर म्हणून नमस्कार केला होता, ही गोष्ट श्रीरंग अजूनही चवीनं सांगायचा. सांगून झाल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरायचा, कारण ऐकणारा हसायचा आणि म्हणायचा, "बघा, तरी कुठल्या कुठं गेला हो!"

कुठल्या कुठं म्हणजे काचेचं दार असलेल्या, एसी लावलेल्या दुकानात. हाताखाली चार माणसं. भिंतीवर प्रमाणपत्रं. गिऱ्हाइकाला बसायला सोफा आणि पाण्याचा थंड जार, त्या उन्हाळ्यात. दुरुस्त झालेली डिस्क तो निळ्या पाकिटात घालून, वर नावाचं लेबल लावून द्यायचा. श्रीरंग वर्तमानपत्रात गुंडाळून देत आला होता. त्या निळ्या पाकिटाचा त्याला जेवढा राग होता तेवढा एसीचाही नव्हता. "अरे, डिस्क दुरुस्त करतोस की साडी विकतोस?" असं तो मनातल्या मनात सुदर्शनला रोज विचारायचा.

श्रीरंगचं घर समर्थनगरात. दुकानातून घरी यायला जालना रोडनं सरळ रस्ता, पण तो रोज गारखेड्याला वळसा घालून यायचा. काचेच्या दारासमोरून स्कूटर हळू करायची, आत किती माणसं बसलीत ते मोजायचं आणि पोटशूळ घेऊन घरी यायचं. त्याची बायको अश्लेषा एकदा म्हणाली, "अहो, मुकुंदवाडीहून समर्थनगरला येताना गारखेडा लागतो का हो?" श्रीरंग म्हणाला, "तिकडं ट्रॅफिक कमी असतं." अश्लेषानं पोळी उलटली.

खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. कुणाचं पाण्यात पडलेलं पाकीट सापडलं तर उन्हात वाळवून परत करणारा. फक्त दुसऱ्याचं बरं त्याला बघवत नव्हतं, आणि दुसऱ्याचं म्हणजे सगळ्या जगाचंही नाही, एकट्या सुदर्शनचं. आपण शिकवलेला माणूस आपल्या पुढं गेला तर अभिमान वाटायला हवा, हे त्याला कळत होतं. वाटत मात्र नव्हता.

आता घरातल्या कॉम्प्युटरकडं येऊ.

श्रीरंगचे वडील व्यंकटराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तर. त्यांची शाळा निजामाच्या राजवटीत सुरू झाली, पहिली तीन-चार इयत्ता उर्दूत. पुढं सगळी नोकरी जुने फेरफार आणि पंचनामे वाचण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच उद्योग धरला, मराठवाड्याच्या बोलीचा शब्दकोश. शब्द, अर्थ आणि उदाहरण. उदाहरणाबद्दल त्यांचा कडक कायदा होता. वाक्य रचायचं नाही, ऐकलेलंच घ्यायचं, आणि खाली बोलणाऱ्याचं नाव, गाव, महिना लिहायचा. "साक्षीदाराशिवाय पंचनामा नसतो," असं ते म्हणायचे. त्यामुळं गंगापूरच्या जीपमध्ये शेजारी बसलेली बाई सुद्धा नावगावासकट कोशात जाऊन बसली होती.

अकरा वर्षांपूर्वी श्रीरंगनंच त्यांना एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला होता, मराठी फॉन्ट टाकून दिला होता आणि टायपिंग शिकवलं होतं. एका अक्षराची एक फाईल. आधी चिठ्ठीवर लिहायचं, मग टंकायचं आणि मग चिठ्ठी फाडायची. पक्की नोंद झाली की कच्चा कागद नष्ट करायचा, हाही कचेरीचाच नियम. अकरा वर्षं चिठ्ठ्या फाटत गेल्या आणि फायली भरत गेल्या. सगळ्यात जाड फाईल ‘ह’ची. हंगाम, हकनाक, हद्द, हयात, हलगर्जी, हवालदिल, हिकमत, हुन्नर, हैराण, हौद. "आपल्या भागाचं निम्मं बोलणं ‘ह’नं सुरू होतं," व्यंकटराव म्हणायचे, "आणि निम्मं होकाराच्या ‘हाव’नं संपतं."

त्या फेब्रुवारीत ‘ह’ची फाईल उघडायला वेळ लागायला लागला. कॉम्प्युटर मध्येच थिजायचा. व्यंकटराव म्हणाले, "श्रीरंग, जरा बघतोस का?"

"बघतो अण्णा. रविवारी बघतो."

चार रविवार गेले. पाचव्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा श्रीरंग गारखेड्याहून नुकताच पोटशूळ घेऊन आला होता. तो खेकसला, "काय घाई आहे अण्णा? कोण वाचणार आहे ते?" व्यंकटरावांनी चष्मा पुसला आणि विषय बंद केला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं तर विकत कशाचं, फुकटसुद्धा मिळेना.

मे महिन्यात व्यंकटराव दोन दिवसांसाठी गंगापूरला एका मुंजीला गेले. श्रीरंगला त्यांच्या कपाटातून विजेचं बिल काढायचं होतं. कपाट उघडलं आणि समोर निळं पाकीट.

आधी त्याला वाटलं, आपल्याला भास व्हायला लागले. पण लेबल होतं, लेबलावर सुदर्शनचं नाव होतं. पाकिटात एक नवी कोरी डिस्क, आणि शेजारी धुतलेल्या उपरण्यात बांधलेली जुनी डिस्क, व्यंकटरावांच्या कॉम्प्युटरमधली. उपरण्याला टाचणीनं कागद लावलेला: ‘हात लावू नये. व्यं.’

"अश्लेषा!" तो ओरडला. "अण्णा सुदर्शनकडं गेले होते?"

अश्लेषा हात पुसत आली. "गेल्या आठवड्यात. मांडीवर कॉम्प्युटर घेऊन रिक्षानं गेले. तुम्हाला पाच रविवार सांगून झालं होतं."

श्रीरंगच्या अंगाचा तिळपापड झाला. गिऱ्हाईक जात होतं ते जात होतं, आता बापही गेला. तोही मुलाचं स्वतःचं दुकान असताना. आणि वर हा कागद. घरात डिस्कला हात लावणारं दुसरं होतं कोण? अश्लेषा? हा कागद आपल्यालाच लिहिलाय, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्यानं नवी डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. सुदर्शननं नक्कल कशी केलीय ते बघू तरी. डिस्कवर अक्षरांच्या फायली ओळीनं होत्या, शेवटी ‘पाठराखीण’ नावाचं एक फोल्डर होतं. ‘हे गावठी नाव काय दिलंय आणि,’ असं म्हणून तो पुढं गेला आणि ‘क’ची फाईल उघडली.

पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं, पौंडाच्या खुणा, तिरके दांडे, कंसांचे तुकडे. ‘ग’ उघडली, तेच. ‘म’ उघडली, तेच. पानामागून पानं नुसता कचरा.

काय सांगावं, त्या माणसाला आनंद झाला. बापाची अकरा वर्षं पडद्यावर चिंध्या होऊन पडलेली दिसत होती आणि याच्या पोटात साखर पडली. तो खुर्चीत मागं रेलला. "अश्लेषा, ये बघ! तुमच्या सुदर्शन सरांचा प्रताप. सगळ्या फायली करप्ट. एसीत बसून नक्कल केली आणि सगळं सडवून ठेवलं!"

अश्लेषानं पडद्याकडं बघितलं. "मग आता?"

"आता मी आहे ना," श्रीरंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपरणं सोडून, टाचणी काढून तो जुनी डिस्क दुकानात घेऊन गेला. कानाला लावली. डिस्क दात खात होती. अशा डिस्कची नक्कल सावकाश काढायची तर चौदा-पंधरा तास लागले असते, आणि व्यंकटराव संध्याकाळच्या एसटीनं येणार होते. श्रीरंगला ती संध्याकाळ हवी होती. दारातच दुरुस्त डिस्क त्यांच्या हातात ठेवायची आणि म्हणायचं, ‘हे घ्या. पुढच्या वेळी रिक्षाचे पैसे वाचवा.’ हे वाक्य त्यानं स्कूटरवर चार वेळा घोकलं होतं.

त्यानं दुरुस्तीचा प्रोग्रॅम थेट मूळ डिस्कवर चालू केला. नक्कल नाही, काही नाही.

दहा टक्के. वीस टक्के. सदतीस टक्क्यांवर आकडा थांबला आणि डिस्कमधून ठोका आला. टक्. श्रीरंगनं हात बटणाकडं नेला आणि मागं घेतला. थोडं थांबू, पुढं सरकेल. टक् टक्. सुदर्शनच्या दुकानात आत्ता किती माणसं असतील, असा एक विचार मध्येच येऊन गेला. टक् टक् टक्, मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज, आणि मग शांतता. पंखासुद्धा फिरत होता, वीज होती, सगळं होतं. डिस्क तेवढी गेली होती.

तो बराच वेळ ती कानाला लावून बसला. एक गिऱ्हाईक येऊन, खाकरून, निघून गेलं.

भीती अशी वस्तू आहे की ती फार वेळ भीती राहत नाही, माणूस तिचा राग करून टाकतो. श्रीरंगनंही केला. डिस्क आज गेली हे खरं, पण फायली तर सुदर्शननं आधीच सडवल्या होत्या. दोष त्याचा. त्याच्याच दुकानात, त्याच्याच सोफ्यावरच्या गिऱ्हाइकांसमोर हे सांगायचं, असं ठरवून त्यानं दोन्ही डिस्का पिशवीत टाकल्या आणि गारखेडा गाठला. आजवर पहिल्यांदाच त्या काचेच्या दारासमोर स्कूटर नुसती हळू न करता थांबवली.

सुदर्शन त्याला बघून उठूनच उभा राहिला. "सर! या ना. सरांना पाणी द्या रे."

"पाणी नको. ही तू केलेली नक्कल. लाव आणि दाखव या लोकांना."

सोफ्यावरचे सहा-सात जण माना वळवून बघायला लागले. सुदर्शननं नवी डिस्क जोडली, ‘क’ची फाईल उघडली. मोठ्या पडद्यावर मराठी उमटलं. स्वच्छ, काना-मात्रेसकट. कंदुरी, कज्जा, कसोशी. खाली अर्थ, खाली उदाहरण, खाली साक्षीदार.

श्रीरंगचं तोंड उघडं राहिलं. "माझ्याकडं... माझ्याकडं नुसता कचरा दिसत होता."

सुदर्शन हळूच म्हणाला, पण दुकान एवढं शांत झालं होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "सर, पाठराखीण नाय का उघडली?"

तेव्हा कुठं श्रीरंगला आठवलं. दहा वर्षांपूर्वीचा सकाळचा क्लास, फळ्यासमोर उभा असलेला तो स्वतः. जुन्या पद्धतीनं टंकलेली मराठी फाईल म्हणजे आत इंग्रजी खुणाच असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती फाईल गिचमिड दिसते, तिला काही झालेलं नसतं. आणि मग त्याचं ते आवडतं वाक्य, ज्यावर पोरं हसायची: "नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबत पाठराखीण देतात ना? तशी फाईल परक्या घरी निघाली की सोबत फॉन्ट द्यायचा. फॉन्ट ही फायलीची पाठराखीण."

त्यावर हसलेल्या पोरांतला एक ते वाक्य पिशोरपासून गारखेड्यापर्यंत जपत आला होता, आणि बोलणारा विसरला होता. अण्णांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट यानंच टाकला होता. नव्या लॅपटॉपवर तो नाही, हे साध्या शिकाऊ पोराच्याही लक्षात आलं असतं. पण याला कचरा बघायचाच होता, म्हणून कचरा दिसला.

"तुम्हीच शिकवलं व्हतं सर," सुदर्शन म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर श्रीरंगला बरं वाटलं असतं. "सगळं उतरलंय. फकस्त ‘ह’ ऱ्हायलं. नेमकी तिथंच डिस्क अडकती. म्या काकांना म्हणलं, डिस्क हितंच ऱ्हाऊ द्या, पण ते म्हणले, मूळ दस्तऐवज दुसऱ्याच्या कचेरीत ठेवायचा नसतो. मंग म्हणलं, कुणी म्हंजी कुणीबी हात लावू नका, चालू करू नका. पुण्याहून सामान मागवलंय, परवा यील. ‘ह’ निघतंय सर, शंभर टक्के निघतंय. ती डिस्क आणली का?"

श्रीरंगनं पिशवीतून डिस्क काढून दिली. सुदर्शननं ती कानाला लावली आणि डोळे मिटले. हुबेहूब श्रीरंगसारखे. मग त्यानं ती हळूच हलवली. आतून बारीक खरखर ऐकू आली. त्यानं डोळे उघडून श्रीरंगकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

"आपोआप बसली," श्रीरंग म्हणाला.

"व्हय सर. जुनी व्हती," सुदर्शन म्हणाला. "काकांना म्या सांगतो."

आणि त्यानं खरंच सांगितलं. संध्याकाळी व्यंकटराव घरात पाय ठेवतात तोच त्याचा फोन आला. काका, मूळ डिस्क बसली, माझ्याकडूनच उशीर झाला, म्या सामान आधीच मागवायला पाहिजे व्हतं. श्रीरंग शेजारच्या खोलीत उभा राहून स्पीकरवरचा तो आवाज ऐकत होता आणि, काय त्या माणसाचा पीळ म्हणावा, त्यातही जळत होता. हुशारीत पुढं गेला, धंद्यात पुढं गेला, आता चांगुलपणातही पुढं जायची काय गरज होती याला?

व्यंकटरावांनी फोन ठेवला. कपाट उघडलं, उपरण्याची सुटलेली गाठ बघितली, बंद केलं. "श्रीरंग, तू चालू केली होतीस का डिस्क?"

"नाही," श्रीरंग म्हणाला. "सुदर्शनकडं नेऊन दिली फक्त."

व्यंकटराव "बरं" म्हणाले. दोन दिवस ते कॉम्प्युटरसमोर बसले नाहीत, पेपरही वाचला नाही. अश्लेषानं जेवायला हाक मारली की येऊन दोन घास खायचे. एवढा शब्दांचा माणूस, ताटावर बसून नुसता वाटीकडं बघायचा. सांगून टाकावं असं श्रीरंगला दर जेवणाला वाटायचं, आणि दर जेवणानंतर वाटायचं, आता सांगून ‘ह’ थोडंच परत येणार आहे? सुदर्शननं स्वतःहून घेतलाय दोष, राहू दे त्याच्याकडं. त्याचं दुकान मोठं आहे, मावेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटरावांनी चष्मा पुसला. "‘ह’ पुन्हा लिहू. अजून डोक्यात आहे बरंचसं. मला आता पडदा नीट दिसत नाही. मी सांगतो, तू टंक."

मग रोज सकाळी, वीज असेल तेवढा वेळ, बापलेक समोरासमोर बसायला लागले. व्यंकटराव डोळे मिटून सांगायचे आणि श्रीरंग कीबोर्ड बडवायचा. हंगाम: ‘यंदा हंगाम हातचा गेला.’ बोलणारी मनकर्णाबाई, पिशोर. हजेरी. हद्द. हयात. हलगर्जी आली तेव्हा श्रीरंगची बोटं दोनदा चुकली. अकरा वर्षांत एकदाही न वाचलेला कोश त्याला आता एकेका शब्दानं वाचावा लागत होता, आणि तो चांगला होता. फार चांगला होता. कोण वाचणार आहे ते, असं आपण म्हणालो होतो, हे त्याला रोज आठवायचं.

आठव्या सकाळी व्यंकटराव म्हणाले, "हशम झालं. आता हसद. स्त्रीलिंगी. आमच्या शाळेत मौलवीसाहेब फार वापरायचे. अर्थ: मत्सर, दुसऱ्याचं बरं न बघवणं. लिहिलंस?"

"लिहिलं."

"उदाहरण..." व्यंकटराव थांबले. "पहिल्यांदा होतं एक. घरातलंच होतं. ते आता नको." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "दुसरं आठवत नाही. रचायचं तर नाही. तू ऐकलंयस का कुणाकडून?"

बाहेर पाणी आल्याचा गलका झाला. अश्लेषा बादल्या घेऊन धावली. श्रीरंगची बोटं कळांवर तशीच होती. सुदर्शनचा तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा त्याला दिसला, डिस्क कानाला लावलेला, सगळं ऐकून काहीच न बोलणारा.

"ऐकलंय," तो म्हणाला.

"सांग मग. आधी साक्षीदार."

"बोलणारा, श्रीरंग व्यंकटराव. औरंगाबाद. मे दोन हजार तेरा." त्यानं खाकरून घेतलं. "‘हसदीपायी मीच अण्णांची डिस्क चालू केली. ‘ह’ मी घालवलं, सुदर्शननं नाही.’"

नळाखाली बादली भरत असल्याचा आवाज येत राहिला, भरली, दुसरी लागली. मग व्यंकटरावांनी डोळे उघडले आणि त्या सकाळी पहिल्यांदाच मुलाकडं बघितलं.

"गमावलं की घालवलं? दोन्ही एक नाहीत."

"घालवलं," श्रीरंग म्हणाला.

"मग तसंच लिही," व्यंकटराव म्हणाले, आणि त्यानं लिहून होईपर्यंत थांबले. "झालं? पुढचा शब्द घे. हाल."